सोलापूरचं ऊन आणि टर्बाइनचं पातं

मे महिन्यात सोलापुरात पारा 43 अंशांवर गेला की होटगी रोडच्या धावपट्टीवर विमानाच्या जेट इंजिनाचा खरा कस लागतो. समुद्रसपाटीपासून उंची साधारण 480 मीटर, त्यात असं ऊन; हवेची घनता प्रमाण 1.225 किलो प्रति घनमीटरवरून 1.05 च्या आसपास उतरते. हवा विरळ, म्हणून जोर कमी. इंधन वाढवून तो भरून काढावा, तर टर्बाइन (तप्त वायूनं फिरणारं पात्यांचं चाक) तापते आणि तिथं हात टेकावे लागतात. मग विमानाचं वजन कमी करायचं.

तापमानाची ही मर्यादा पुढं ढकलली ती टर्बाइनच्या पात्यांनी. जेट इंजिनातली सगळ्यात देखणी कारागिरी हीच, असं माझं ठाम मत आहे. मोठ्या टर्बोफॅनमध्ये (पुढं पंखा असलेल्या जेट इंजिनात) पात्यांवर येणारा वायू 1,500 अंशांच्या वर असतो. पातं ज्याचं असतं तो निकेलचा मिश्रधातू त्याआधीच वितळेल. म्हणून सिरॅमिकचा गाभा घालून पातं पोकळ ओततात, एकाच स्फटिकाचं. कॉम्प्रेसरची, म्हणजे इंजिनाच्या पुढच्या भागात दाबलेली, हवा (तीही चांगली तापलेली, पण वायूच्या मानानं गारच) आत खेळवून अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्रांतून सोडतात. ती पात्यावर थर धरते. वरून झिर्कोनियाचा, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या सिरॅमिकचा, लेप.

घात करते ती धूळ. बारीक माती 1,200 अंशांच्या आसपास वितळून काचेसारखी चिकटते, छिद्रं बुजवते, लेपात मुरून त्याचे पोपडे काढते. छिद्र बुजलं की तेवढाच भाग तापतो आणि तिथून तडा सुरू होतो. बोरोस्कोप (इंजिन न उघडता आत बघायची बारीक दुर्बीण) आत घातला की आधी पात्याची पुढची कड बघावी.