दगड निघतो कुठून आणि पडतो कुठे

नवी मुंबईत राहून दगडखाणींविरुद्ध बोलताना थोडे अवघडल्यासारखे होते, कारण तुर्भे-शिरवणे भागातला पारसिकचा डोंगर फोडूनच या शहराचे पुष्कळ रस्ते आणि इमारती उभ्या राहिल्या आहेत. १९७० मध्ये हे शहर वसवणारी सिडको स्थापन झाली, ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या आणि पुढे काही प्रकल्पग्रस्तांना याच डोंगरातल्या खाणी भाडेपट्ट्याने मिळाल्या. त्यामुळे खाण म्हणजे केवळ धनदांडग्यांचा धंदा, हे म्हणणे इथे तरी पुरते खरे ठरत नाही. माझी तक्रार परवानगीच्या पद्धतीविषयी आहे. दगड काढू देताना तो कुठे पडणार याचा विचार सहसा होत नाही, आणि भराव टाकू देताना दगड कुठून येणार याचाही होत नाही.

कागदावर नियम कमी नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये प्रत्येक अभयारण्याभोवती आणि राष्ट्रीय उद्यानाभोवती किमान एक किलोमीटरचा पर्यावरण-संवेदनशील पट्टा सक्तीचा केला. एप्रिल २०२३ मध्ये ही सरसकट सक्ती सैल करतानाही त्या एक किलोमीटरच्या आतली खाणकामाची बंदी न्यायालयाने कायम ठेवली. त्याआधीच संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवतीचा ५९.४६ चौरस किलोमीटरचा पट्टा २०१६ मध्ये, तर ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याभोवतीचा ४८.३२ चौरस किलोमीटरचा पट्टा २०२१ मध्ये अधिसूचित झाला होता. अशा पट्ट्यांत व्यावसायिक खाणी आणि खडी क्रशर यांना मनाई असते, आणि स्थानिक रहिवाशांच्या घरबांधणीपुरती सूट असते.

हे सगळे हद्दीपासूनच्या अंतरावर चालते. फ्लेमिंगोंचा दिवस मात्र भरती-ओहोटीवर चालतो. ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडला की ते त्यातले शेवाळ आणि बारीक जीव टिपतात. भरतीला तोच चिखल बुडतो, आणि मग थव्यांना उथळ, निवांत पाणी शोधावे लागते. नेरुळचा डीपीएस तलाव, एनआरआय संकुलाजवळची आणि टी. एस. चाणक्यजवळची पाणथळ, उरणकडचे पाणजे ही त्यांची भरतीच्या वेळची ठिकाणे अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. म्हणजे २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून रामसर दर्जा मिळालेली खाडी सुरक्षित, आणि तिथे चरणाऱ्या पक्ष्यांच्या विसाव्याची जागा मात्र विकासाच्या आराखड्यातला भूखंड. २०२४ मध्ये डीपीएस तलावाच्या परिसरात काही फ्लेमिंगो मेले आणि तलावात येणारे भरतीचे पाणी अडल्याची ओरड झाली. २०२५ मध्ये राज्य सरकारने सुमारे ३० एकरांचा हा तलाव संवर्धन राखीव क्षेत्र करण्याचा निर्णय घेतला. वास्तविक वन्यजीव संरक्षण कायद्यात ही तरतूद २००२ च्या दुरुस्तीने आली आहे, आणि ती मुख्यतः अभयारण्यालगतच्या किंवा दोन संरक्षित क्षेत्रांना जोडणाऱ्या सरकारी जमिनींसाठीच आहे. वीस वर्षे हाताशी असलेले कलम एका तलावापुरते वापरायला एवढा गलका व्हावा लागला, हे मला खटकते.

आता पुष्कळांना न पटणारे एक विधान करतो. दगड आणि भराव यांचा हिशेब एकत्र मांडण्याच्या बाबतीत नवी मुंबई विमानतळाची फाईल इतर फायलींपेक्षा सरस होती. उलवे टेकडी कापली गेली, तिच्याच दगडाने खालची सखल जमीन उंच केली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला. हे नुकसान मी लहान मानत नाही. तरीही टेकडी, भराव, नदी आणि बदल्यात जोपासायची कांदळवने हे सारे २०१० च्या पर्यावरण मंजुरीत एकाच प्रकल्पाच्या नावावर होते, म्हणून त्यावर निदान वाद घालता आला. (आसपासच्या पाणथळी बुजवल्या तर पक्षी विमानतळाकडेच सरकतील, हा बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) या निसर्ग-अभ्यास संस्थेच्या अभ्यासकांचा मुद्दा तर विकासाच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही ऐकण्यासारखा आहे.) लहान खाणींचे तसे नसते. पाच हेक्टरांहून लहान खाणींनाही पर्यावरण मंजुरी लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितले. पण त्या मंजुरीचा भर खाणीवर आणि तिच्या आसपासच्या परिसरावर असतो, म्हणजे सुरुंग, धूळ आणि ओढ्यात उतरणारा गाळ. ट्रक फाटकाबाहेर पडल्यावर दगडाचे पुढे काय होते, तो विषय दुसऱ्या खात्याचा होतो.

यासाठी नवा कायदा लागेल असे मला वाटत नाही. दगड, मुरूम अशा गौण खनिजाच्या खेपेसाठी महसूल विभागाच्या महाखनिज प्रणालीतून वाहतूक परवाना निघतो आणि माल कुठे जाणार याची नोंद त्यात असते. या प्रणालीचा रोख मुख्यतः सरकारचे स्वामित्वधन (रॉयल्टी) बुडवणाऱ्यांवर आहे. हीच नोंद पाणथळ जागांच्या आणि वन विभागाच्या कांदळवन कक्षाच्या नकाशांशी ताडून पाहिली, तर भरावाचे ट्रक कोणत्या पाणथळीकडे निघाले आहेत हे ती बुजण्याआधीच कळू शकेल. आपल्या भागात खाणीच्या मुदतवाढीची जनसुनावणी निघाली, तर मागील परवान्यांवरील माल उतरवण्याच्या ठिकाणांची यादी सुनावणीच्या कागदपत्रांना जोडावी, अशी लेखी मागणी मी करणार आहे.