गणपतीत पाठवलेली कथा

पहिली कथा मी गणपतीत पाठवली. २०१८ सालची गोष्ट. गौरी-गणपती उठले, पाहुणे गेले, आणि दोन वर्षं लिहून-खोडून झालेली ती कथा मी एकदाची चांगल्या अक्षरात उतरवून काढली. चौदा फुलस्केप कागद. झेरॉक्सच्या पाच प्रती, पाच पाकिटं, पाच दिवाळी अंकांचे पत्ते. दिवाळी ७ नोव्हेंबरला होती. हातात चांगले सात आठवडे होते. मला वाटलं, भरपूर झाले.

तीन ठिकाणांहून काहीच आलं नाही. एक पाकीट परत आलं, आत छापील चिठ्ठी होती, ‘साभार परत’. पाचव्या ठिकाणाहून मात्र फोन आला. पलीकडचे गृहस्थ वयस्कर असावेत. म्हणाले, “ताई, आमचा अंक छापखान्यात गेलाय हो. पुढच्या वर्षी आषाढाच्या आत पाठवा.” तेवढंच बोलले, पण त्या एका वाक्याने मला पुढची सगळी वाट दाखवली.

मी कराडजवळच्या एका साखर कारखान्यात शेती खात्यात आहे, ऊसनोंदीचं काम करते. लागणीच्या तारखेवरून तोडीची तारीख काढणं हे माझं रोजचं काम. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लावला तर तो सोळा-अठरा महिन्यांनी तुटतो, हे मला झोपेतही सांगता येतं. दिवाळी अंकाचंही तसंच गणित असणार, हे मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं. आता कळतं ते असं: गुढीपाडव्यानंतर संपादक लेखकांना पत्रं-फोन करू लागतात. मे-जूनमध्ये कथा येतात, बरेच जण जुलैअखेर दार लावून घेतात. मग निवड, चित्रं, अक्षरजुळणी, मुद्रितं (प्रूफं), जाहिराती. गणपतीत अंक छापायला गेलेला असतो.

पण कधी पाठवायचं हे कळलं तरी कुठे पाठवायचं हा प्रश्न उरतोच. तो सोडवला आमच्या वाचनालयातल्या नानांनी.

नाना तिथे तीस वर्षं देवघेवीच्या खिडकीशी बसतात. आमच्या वाचनालयात दिवाळी अंक योजना आहे, ठरावीक वर्गणी भरली की पुढचे काही महिने सगळे अंक आळीपाळीने घरी न्यायला मिळतात. मी दरवर्षी भरायचे, पण वाचायचे ती वाचक म्हणून. त्या वर्षी नानांना सांगितलं की मला कथा पाठवायची आहे. त्यांनी पोटमाळ्यावरून सुतळीने बांधलेले जुने गठ्ठे काढून दिले, गेल्या पाच-सहा वर्षांचे. म्हणाले, “आधी हे वाच. पत्ता कुठेही मिळतो. तुझी गोष्ट कुणाच्या घरची आहे ते यातच कळेल.”

त्या हिवाळ्यात मी एक रजिस्टर घातलं. ऑफिसात असतं तसंच, लांबडं, लाल कापडी पुठ्ठ्याचं. रकाने आखले: अंकाचं नाव, त्यातल्या कथा किती, सगळ्यात मोठी कथा किती पानांची, एका पानावर शब्द किती (एका ओळीतले शब्द मोजायचे आणि ओळींनी गुणायचं), कथा कसल्या, आणि सगळ्यात महत्त्वाचा रकाना, अनुक्रमणिकेत न ऐकलेली नावं किती. हा शेवटचा रकाना फार बोलका निघाला. काही नामवंत अंकांत वर्षानुवर्षं तीच नावं दिसली, तिथे बहुतेक लेखन निमंत्रित असतं. काही साध्या, स्थानिक अंकांत निम्मी नावं नवी होती. नव्या माणसाने कुठे दार वाजवावं ते त्या रकान्याने सांगितलं.

अंकांचे स्वभावही तेव्हाच कळले. अनंत अंतरकरांनी सुरू केलेले ‘हंस’, ‘मोहिनी’ आणि ‘नवल’ हे तीन अंक एकाच घरातले. पण ‘मोहिनी’ विनोदाची, ‘नवल’ गूढ-अद्भुताचं आणि ‘हंस’ गंभीर ललित लेखनाचा. ‘धनंजय’ रहस्यकथांसाठी ओळखला जातो, ‘आवाज’ त्याच्या झडप उघडली की चित्र बदलणाऱ्या खिडकी-चित्रांसाठी आणि हसण्यासाठी. मुलांसाठी लिहायचं तर बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून आहे. माझी कथा ऊसतोड टोळीतल्या एका बाईची होती. ती मी आधी ज्या पाच ठिकाणी पाठवली होती, त्यातला एक अंक निव्वळ विनोदी होता. नुसतं नाव मोठं म्हणून पाठवली होती. अंक उघडून पाहिला असता तर तो कागद आणि ते तिकीट वाचलं असतं. त्या संपादकाचा वेळही वाचला असता.

नवोदितांना मी हात जोडून एवढंच सांगते, अंक वाचा. विकत घेणं परवडत नसेल तर वाचनालयात जा. दिवाळी सरल्यावर पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या बाजूला जुने अंक स्वस्तात मिळतात, तिथून आणा. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्याकडे कथेला दरवर्षी हे एवढं मोठं अंगण मिळत आलं आहे.  त्या अंगणात न वाचताच शिरायचं, हे मला आता पटत नाही.

२०१९ च्या मे महिन्यात तीच कथा मी एकाच ठिकाणी पाठवली. स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट सोबत जोडलं. महिन्याने परत आली. या वेळी मात्र छापील चिठ्ठीच्या खाली पेन्सिलीने एक ओळ होती: “गोष्ट तिसऱ्या पानावर सुरू होते.”

मी कागद काढून बसले. पहिल्या पानावर गावाचं वर्णन, कारखान्याचा भोंगा, धुराडं. दुसऱ्या पानावर टोळी कुठून आली, मुकादमाने उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, किती दिली, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी कशी, एक दिवस कामावर नाही गेलं तर खाडा कसा बसतो. सगळं खरं, मला माहीत असलेलं, पण नोंदवहीसारखं. तिसऱ्या पानाच्या वरच्या ओळीत ती बाई तापाने फणफणलेल्या पोराला खोपीत ठेवून फडात जाते. आणि संध्याकाळी वाढ्याची, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांची, मोळी डोक्यावर घेऊन रस्त्याला उभी राहते, कारण वाढं विकून आलेले पैसे तेवढे तिच्या हातात राहतात. कथा तिथेच होती. मी पहिली दोन पानं काढली. उचल आणि खाडा हे शब्द तिच्या तोंडी आले, आपसूक कळले. चौदाची कथा बारा कागदांची झाली आणि तिचं नावही बदललं. ‘वाढं’ ठेवलं. ती पेन्सिलीची चिठ्ठी रजिस्टरच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे.

स्पर्धांचं थोडं वेगळं आहे. तिथे नाव झाकलेलं असतं, म्हणून नव्या माणसाला स्पर्धा मला खरोखर न्याय्य वाटते. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला कथा पाठवली, ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी केली आणि अक्षर ओळखू नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली. पहिला क्रमांक त्या जगतापांना मिळाला. एवढा मोठा शास्त्रज्ञ, त्यालाही आपली कथा नावाशिवाय उभी राहते का हे पाहावंसं वाटलं, हे आठवलं की मला धीर येतो.

माझी पहिली स्पर्धा मात्र फुकट गेली. ‘कथेवर कुठेही लेखकाचं नाव नसावं, नाव-पत्ता वेगळ्या कागदावर द्यावा’ असा नियम होता. मी कथेवरून नाव काढलं, पण फाइलचं नावच माझं नाव होतं. प्रवेशिका बाद झाली. नियम त्यांचा बरोबर होता. तेव्हापासून नियमावलीची छापील प्रत समोर ठेवून एकेक ओळ खूण करत तपासते: शब्दमर्यादा, अंतिम तारीख, पूर्वी कुठे प्रसिद्ध झालेली चालेल का, निकाल कधी.

दुसऱ्या एका स्पर्धेचा अनुभव कडू आहे. प्रवेश शुल्क घेतलं. निकालात माझं नाव ‘उल्लेखनीय’मध्ये आलं. मग कळलं की निवडलेल्या कथांचं पुस्तक निघणार आणि प्रत्येक लेखकाने त्याच्या दहा प्रती विकत घ्यायच्या. शिवाय नियमांत तळाला एक ओळ होती, ‘आलेल्या सर्व कथांचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील.’ जिंकलेल्या नव्हे, आलेल्या सर्व! मी प्रती घेतल्या नाहीत आणि कथा पुस्तकातून काढून घ्यायला लावली. आमच्याकडचे एक वकील ओळखीचे आहेत, त्यांनी १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ काढून दाखवलं. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि आपल्या सहीने द्यावे लागतात, आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. नुसत्या जाहिरातीतल्या ओळीने आपली कथा कायमची कुणाची होत नाही. पण सही करण्याआधी वाचलं पाहिजे. आता ‘सर्व हक्क’ हे दोन शब्द दिसले की मी तिथे कथा पाठवत नाही, बक्षीस कितीही असो.

२०२१ मध्ये ‘वाढं’ लागली. ते सांगताना आनंद होतो आणि लाजही वाटते, कारण तिथे मी एक चूक केली.

आधीच्या वर्षांत उत्तरं यायची नाहीत, म्हणून त्या मे महिन्यात मी कथा एकदम दोन अंकांना पाठवली. जुलैत एका अंकाचा होकार आला. फाइल युनिकोडमध्ये पाठवली होती, ती त्यांच्या जुळणीच्या फाँटमध्ये नेताना ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ आणि ‘ऱ्हस्व’चं भलतंच काहीतरी झालं होतं. ते मुद्रित तपासण्यात चार संध्याकाळी गेल्या. (फाइलसोबत पीडीएफही पाठवा, म्हणजे जोडाक्षर कसं हवं ते त्यांना दिसतं.) मुद्रित परत केलं आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या अंकाच्या संपादकांचा फोन आला. कथा आवडली, घेतली आहे.

मी खरं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, “चित्र झालंय हो ताई.”

त्यांच्या चित्रकाराने कथा वाचून बाईचं चित्र काढून दिलं होतं. त्या जागी त्यांना आयत्या वेळी दुसरी कथा शोधावी लागली. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. छोट्या अंकांत संपादक, मुद्रितशोधक आणि जाहिराती गोळा करणारा बहुधा एकच माणूस असतो, आणि मी त्या माणसाचे दिवस वाया घालवले होते. त्यानंतर नियम केला: एक कथा एका वेळी एकाच ठिकाणी. दीड महिना वाट पाहायची, मग फोन करून विचारायचं, आणि तिथून काढून घेतल्याचं कळवल्याशिवाय दुसरीकडे पाठवायची नाही. यात वर्ष जातं कधी कधी. जाऊ दे.

अंक आला. भेट अंक आणि पाचशे रुपये मानधन. अनुक्रमणिकेत माझं नाव बाविसाव्या ओळीवर होतं. नानांनी वाचनालयाच्या प्रतीवर शिक्का मारला, दाखल क्रमांक घातला, आणि मला म्हणाले, “पहिल्यांदा तूच ने.” मी म्हटलं, माझ्याकडे आहे, दुसऱ्या कुणाला द्या. त्यांनी तो खिडकीतून रांगेतल्या एका शाळामास्तरांच्या हातात दिला.

त्यानंतर चार कथा छापून आल्या, सात परत आल्या. रजिस्टर भरलं, दुसरं घातलं. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे दिवाळी ८ नोव्हेंबरला आहे, म्हणून काही अंकांनी तारीख पुढे नेली. तो वाढीव वेळ मी एका कथेवर घालवला आणि ती त्या दुसऱ्या संपादकांना पाठवली, ज्यांचं चित्र वाया गेलं होतं. सोबत पत्रात लिहिलं की ही फक्त तुमच्याकडेच आहे. आज चाळीस दिवस झाले. रजिस्टरमध्ये त्या ओळीवर ‘उत्तर’ हा रकाना अजून कोरा आहे. येत्या सोमवारी फोन करणार आहे. कथेचं विचारीन, आणि जमलं तर त्या चित्राचंही.