तुम्ही विचारलंत म्हणून: हो, पहिली सही माझीच

“स्वतः गाळेवाल्या असून बिल्डरच्या संमतीपत्रावर पहिली सही तुमची कशी?” गिरगावातली आमची चाळ पुनर्विकासासाठी 2019 साली रिकामी झाली. तेव्हापासून लग्नकार्यात, बँकेच्या रांगेत, कुठेही गेले तरी हा प्रश्न येतोच. एकदाच लिहून टाकते, म्हणजे पुढच्या वेळी नुसतं पाठवता येईल.

आधी हिशेब. चाळीत 24 भाडेकरू: वर 18 खोल्या, खाली सहा गाळे. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतीला पूर्वी 70 टक्के भाडेकरूंची संमती लागायची, आमच्या वेळी ती 51वर आली होती. म्हणजे 13 सह्या. खोलीवाल्यांनी ठरवलं असतं तर आम्हा सहाजणांना विचारायचंही कारण नव्हतं. आणि त्यांनी का ठरवू नये? सामायिक संडासाच्या रांगेत जन्म गेलेल्या माणसाला नियमानंच किमान 300 चौरस फूट मिळणार होते. गाळ्याला मात्र जेवढा आधी होता तेवढाच. तेव्हा मी अडवलं असतं म्हणजे काम थांबलं असतं, हे कृपा करून मला सांगू नका.

तरीही पहिल्या सहीनं बाकीच्यांची भीड चेपते, हे मला तेव्हाही कळत होतं. दुसरी गोष्ट, आमचा बायंडिंगचा धंदा तोवर निम्म्यावर आला होता. काळ्या रेक्झिनवर सोनेरी अक्षरं मारून घ्यायला येणारी प्रबंधवाली मुलं दरवर्षी कमी होत होती. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. मीटिंगमध्ये उभी राहून म्हटलं होतं, “जागा मिळाली की दुकान मिळालं.” टाळ्याही पडल्या. त्या बाईला आज भेटले तर विचारेन, अगं, मग मधल्या वर्षांत गिऱ्हाईक कुठे ठेवणार होतीस, बँकेच्या लॉकरमध्ये?

पण खरी गोष्ट मोजणीच्या दिवसाची आहे, आणि ती मला कोणी विचारत नाही.

सकाळी दोन मुलगे आले, हातात ते लाल ठिपक्याचं यंत्र. गाळा आठ फूट रुंद, साडेचौदा खोल: 116 फूट. “पोटमाळ्याचा कागद आहे?” नव्हता. सोडला. बाहेरचा ओटा, ज्यावर गिऱ्हाईक टेकायचं, तोही सोडला. मी भांडले, चांगली तावातावानं भांडले. मग ते जिन्यापाशी गेले. तिथे जिन्याखाली रफूवाले काका बसायचे. मांडीवर कोणाचा तरी कोट, डोळ्यांपासून वीतभर अंतरावर सुई. त्यांचा बल्ब आमच्या मीटरवरून, वायर आमच्या शटरच्या कोपऱ्यातून गेलेली.

“यांची भाडेपावती?”

पावती नव्हती, दुकानाचा गुमास्ता परवाना नव्हता. नवी जागा मिळायला भाडेकरू 13 जून 1996च्या आधीचा हवा, हा नियम सगळ्यांना पाठ होता. ते त्याच्या कितीतरी आधीपासूनचे, हेही सगळ्यांना माहीत होतं. आणि माझ्या गल्ल्याखालच्या खणात सासूबाईंची वही होती. तिच्यात 1989पासून दर महिन्याला त्यांच्या हातची एक ओळ: ‘रफू, लाइट’, पुढे रक्कम. मालक माझ्याकडे बघत होते. एक वाद निघाला की पात्र भाडेकरूंची यादी अडकणार, यादी अडकली की सगळंच अडकणार. मी म्हटलं, “ते इथले नाहीत, नुसते बसतात.”

काका काहीच बोलले नाहीत. हातातला धागा पुरा केला. संध्याकाळी वायर नीट गुंडाळून, बल्बसकट, माझ्या काउंटरवर ठेवली.

ओळखीचे एक वकील म्हणतात, असल्या वहीला कोणी उभं केलं नसतं. म्हणत असतील. मी वही काढलीच नाही, त्यामुळे त्यांचं खरं की खोटं ते कळायचा मार्ग नाही.

2024मध्ये नव्या गाळ्याची किल्ली मिळाली. 116 फूट, इंचही कमी नाही. फक्त रस्त्याच्या बाजूला आता गाड्यांचा रॅम्प, लॉबी आणि मीटररूम आहे. माझं शटर आतल्या पॅसेजमध्ये उघडतं, तेही सहा फुटांचं. करारात चौरस फूट लिहिलेले होते. शटर कुठे तोंड करून उघडेल, किती रुंद असेल, हे कुठेच नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. म्हणून फोन करणाऱ्यांना सांगते: सही करा नाहीतर करू नका, पण मजला, रस्त्याकडची रुंदी आणि पुढची पायरी दाखवणारा नकाशा कराराला जोडल्याशिवाय पेन उचलू नका. पोटमाळ्याचे कागद आत्ताच शोधा. भेंडीबाजारात तर साडेसोळा एकरांत साडेबाराशे दुकानं पुनर्विकासात गेली. आम्ही सहाजण एका टेबलाभोवती मावत होतो, तरी एकत्र बसलो नाही.

परत तीच परिस्थिती आली तर सही करीन का? खोलीवाल्या आजींना लिफ्टमधून येताना बघते तेव्हा वाटतं, करीन. दुपारी पॅसेजमध्ये एकटी बसते तेव्हा नाही वाटत.

गेल्या महिन्यात एक बाई शाल घेऊन आल्या. काठाला उंदरानं कुरतडलेलं. “जिन्याखालचे ते रफूवाले कुठे बसतात हो आता?”

मी म्हटलं, ठाऊक नाही. मग त्यांनी माझ्याकडेच सुईदोरा आहे का विचारलं. बायंडिंगचा होता, जाड. शालीला चालला नसता.