पुस्तकात शिरलेली पोरं आणि परतीची वाट

जळगाव-धुळ्याकडची मंडळी मला नेहमी विचारतात, की तिकडे जपानात, सापोरोत डिसेंबरात चार वाजताच अंधार पडतो, बाहेर गुडघाभर बर्फ, मग संध्याकाळी करता तरी काय? मी गोष्टी ऐकतो. म्हणजे खेळतो, पण ज्या खेळांबद्दल आज लिहायचंय ते मी गोष्ट म्हणूनच खेळतो. हातात मावणाऱ्या यंत्रावरचे, चौकटींच्या पटावर आळीपाळीने चाल करायचे हे खेळ आहेत: ‘फायनल फँटसी टॅक्टिक्स अॅडव्हान्स’ आणि त्याच्या पुढचा ‘ए-टू’. पहिला २००३ साली गेम बॉय अॅडव्हान्सवर आला, दुसरा जपानात २००७ साली निन्टेंडो डीएसवर.

दोन्ही निघाले १९९७ च्या एका मोठ्या खेळातून. प्लेस्टेशनवरचा तो ‘फायनल फँटसी टॅक्टिक्स’ म्हणजे गादीसाठी लढणारी घराणी, विकली गेलेली निष्ठा आणि धर्मपीठाने दडपलेलं सत्य. तो सगळा इतिहास आपल्याला सांगतो खूप नंतरच्या काळातला एक अभ्यासक, जुनी कागदपत्रं पुढ्यात घेऊन. छोट्या यंत्रावर येताना गोष्ट सांगण्याची ही रीत बदलली, पण कागद सुटला नाही. इथे पोरं एक जुनं पुस्तक उघडतात आणि त्यातल्या जगात जाऊन पडतात. त्या जगाचं नाव आयव्हॅलिस.

पहिल्या खेळाची सुरुवात मला फार आवडते. सेंट आयव्हॅलिस नावाचं साधं गाव, बर्फ पडलेला, शाळेतली पोरं दोन बाजू करून बर्फाचे गोळे मारतायत. तलवार नाही, राक्षस नाही. चाल कशी करायची, पुढून मारायचं की पाठीमागून, हे सगळं खेळ तुम्हाला या गोळाफेकीतच शिकवतो. आणि शिकता शिकता तुमच्या लक्षात येतं, की म्यूट नावाच्या एका पोरावर सगळे जरा जास्तच गोळे टाकतायत. सांगितलं कुणीच नाही, तुम्ही ते पटावर पाहिलं. शिकवणीच्या धड्यातच पात्राचं दुःख दाखवून टाकणं ही या मालिकेची सगळ्यात मोठी करामत आहे असं मी मानतो.

मार्श या गावात नुकताच राहायला आलाय. त्याचा धाकटा भाऊ डोनेड आजारी, चाकाच्या खुर्चीत. मैत्रीण रिट्झ, तिचे केस जन्मापासून पांढरे, ती ते रंगवून लपवते. म्यूटची आई वारलेली, बाप कामावर सगळ्यांपुढे मान खाली घालणारा. हे चौघं एक जुनं पुस्तक वाचतात आणि दुसऱ्या दिवशी गावच जागेवर नसतं. त्याच्या ठिकाणी आयव्हॅलिस उभं असतं, आणि तिथे डोनेड पायांवर चालतो, रिट्झचे केस तिला हवे तसे असतात, म्यूट राजपुत्र असतो, त्याची आई जिवंत राणी आणि बाप सगळ्या न्यायाधीशांचा प्रमुख.

मार्शला मात्र त्या जगाने काहीच दिलेलं नसतं. तो रस्त्यावर एकटा उभा. समोर बांगा जमातीचा सरड्यासारखा दिसणारा गडी येतो, हा पोरगा घाबरून त्याला ‘सरडा’ म्हणतो, आणि तो त्या जमातीला सगळ्यात झोंबणारा शब्द निघतो. झालं, भांडण. मॉन्टब्लाँ नावाचा मूगल, म्हणजे एका बुटक्या केसाळ जमातीतला छोटासा गडी, मध्ये पडतो, त्याला वाचवतो आणि आपल्या टोळीत घेतो. परदेशात पहिल्यांदा आलेल्या कुणालाही हा प्रसंग दाखवा, त्याला तो समजावून सांगावा लागणार नाही. इथे आल्यावर मलाही असाच एक माणूस भेटला होता. कचरा कोणत्या वारी कोणत्या पिशवीत ठेवायचा इथपासून ते वरिष्ठांसमोर कधी गप्प बसायचं इथपर्यंत त्याने सगळं सांगितलं, आणि बदल्यात काही मागितलं नाही. मॉन्टब्लाँही मागत नाही. खेळ संपेपर्यंत त्याचं हे चांगुलपण कुठेही उगाळलं जात नाही, म्हणूनच ते खरं वाटतं.

टोळीत शिरल्यावर गोष्ट सांगायची पद्धत पुन्हा बदलते. गावोगावच्या पबमध्ये कामाच्या चिठ्ठ्या लागलेल्या असतात. कुणाचं काय हरवलंय, कुणाला वाटेत सोबत हवीय, कुणाचा कुणाशी जुना हिशेब आहे. चार ओळी आणि खाली नाव. अशी तीनशे कामं आहेत. त्यातली बरीच तुम्ही लढतच नाही. टोळीतला एक जण पाठवून द्यायचा, काही दिवसांनी तो परत येतो आणि काय झालं ते दोन वाक्यांत कळतं. काही लोकांना हा कंटाळवाणा भाग वाटतो. मला तर यातच त्या देशाचं खरं पोट दिसतं. राजवाड्याच्या कारस्थानापेक्षा, बाजाराच्या दिवशी पारावर बसलं की कानावर पडतात तशा या बातम्या आहेत, आणि मोठी गोष्ट त्यांच्यामागून हळूहळू सरकत राहते. नकाशासुद्धा कोरा मिळतो. काम जिंकलं की नव्या ठिकाणाची खूण हातात येते आणि ती कुठे मांडायची ते तुम्ही ठरवता. तुमचं आयव्हॅलिस माझ्यापेक्षा वेगळं असतं.

आता कायदा. या खेळाला सगळ्यात जास्त शिव्या ज्या गोष्टीसाठी पडल्या ती ही. प्रत्येक लढाईत चोकोबो या मोठ्या पक्ष्यावर बसलेला चिलखतधारी न्यायाधीश हजर. आज आगीची जादू बंद, उद्या धनुष्य बंद, परवा वस्तू वापरणं बंद. मोडलं की पिवळं कार्ड, मोठा गुन्हा असला की लाल कार्ड आणि थेट तुरुंग. ऐन मोक्याला आपला हुकमी गडी आत जातो तेव्हा चिडचिड होते हे खरं. पण मला या कायद्यांची सवय लहानपणापासून होती. श्रावणात आमची मोठी माय, म्हणजे माझी आजी, ओसरीवर बसून कहाण्या सांगायची. आटपाट नगर, तिथला राजा, त्याची राणी, आणि मग वसा. काय करायचं, काय नाही करायचं, हे देवाने आधीच सांगून ठेवलेलं. राणी उतते, मातते, वसा टाकते आणि भरलं घर रिकामं होतं. आम्हा पोरांचं लक्ष देवावर नसायचं, राणीवर असायचं, की ही आता मोडते की नंतर. नियम ऐकला की कहाणी सुरू झाली हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. या खेळातही न्यायाधीश नियम वाचून दाखवतो तेव्हा मला तसंच सावरून बसल्यासारखं होतं.

शिवाय इथे कायदा कुणाचा आहे ते बघा. राजवाडा म्यूटचा, न्यायाधीशांचा प्रमुख त्याचा बाप. ज्या पोरावर शाळेत कुणीही गोळे टाकायचं आणि ज्याचा बाप कुणालाही उलट बोलू शकत नव्हता, त्याच्या मनातल्या राज्यात मारामारीलाही पंच लागतो आणि त्या पंचांचा मुख्य त्याचा बाप असतो. तुम्हाला खेळताना जाच वाटतो तो एका घाबरलेल्या पोराचा आधार आहे. जिथे न्यायाधीशांचा हुकूम चालत नाही अशीही काही ठिकाणं आहेत, त्यांना याग्द म्हणतात. तिथे कार्ड नाही, तुरुंग नाही, पण लढाई संपताना जो गडी जमिनीवर पडलेला असेल तो कायमचा जातो. एकदा तिथे माणूस गमावला, की कायद्याकडे तुम्ही वेगळ्या नजरेने बघता. गोष्टीचा अर्थ नियमांतून असा बाहेर येणं मी दुसऱ्या कुठल्या खेळात इतक्या नेटकेपणाने पाहिलेलं नाही.

दुसऱ्या खेळाबद्दल थोडक्यात सांगतो. उन्हाळी सुट्टी लागायच्या दिवशी लूसो नावाच्या खोडकर पोराला शिक्षा म्हणून शाळेचं ग्रंथालय आवरायला लावतात. तिथे त्याला एक पुस्तक सापडतं, बरीच पानं कोरी. तो त्यात आपलं नाव लिहितो आणि आयव्हॅलिसला पोचतो. परत जायचं तर पानं भरायला हवीत, म्हणजे काहीतरी करून दाखवायला हवं. जे घडतं ते पुस्तकात आपोआप उतरतं. टोळीचा नायक सिड भला माणूस आहे, जमाती पाचाच्या सात झाल्यात, आणि कायदा मोडला तर तुरुंग नाही, फक्त त्या लढाईपुरत्या सवलती जातात आणि पडलेल्या गड्याला पुन्हा उठवता येत नाही. खेळायला हा जास्त मोकळा आहे. पण लूसोला तिकडे मजा येते आणि घरीही जायचंय, दोन्ही एकदम, आणि त्या दोन्हींत भांडण नाही. त्यामुळे गोष्ट गोड आहे पण सैल आहे. त्यातलं मला मनापासून आवडलेलं एकच सांगतो: त्या शाळेच्या ग्रंथपालाचं नाव मिस्टर रँडेल आहे. पहिल्या खेळात म्यूटचं आडनाव रँडेल. खेळ यावर एक शब्द बोलत नाही.

म्हणून माझा जीव पहिल्यातच अडकलाय. कारण तिथे परत जाणं फुकट नाही. आयव्हॅलिस पाच स्फटिकांवर उभं आहे. मार्श ठरवतो, की एकेक स्फटिक फोडायचा आणि सगळ्यांना घरी न्यायचं. कुणाच्या घरी? म्यूटची आई तिथे नाही. रिट्झचे केस तिथे पांढरेच. डोनेड तिथे खुर्चीत. या खेळाबद्दल वर्षानुवर्षं वाद चाललाय, की मार्शच खरा खलनायक आहे, आणि वाद घालणाऱ्यांकडे मुद्दा आहे.

गेल्या सुट्टीत मी माझा जुना डीएस अमळनेरला ताईच्या पोराला दिला. त्या यंत्रात दोन्ही खेळ चालतात, खाली जुन्या कार्ट्रिजची खाचही आहे. आखाजीला घर भरलेलं, अंगणात निंबाला झोका, माहेरी आलेल्या बाया गाणी म्हणतायत, आणि हा कोपऱ्यात मान खाली घालून बसलेला. आता व्हिडिओ कॉलवर मला कुठल्या टप्प्यावर आहे ते सांगत असतो. परवा तो एकदम रागावूनच बोलला, “मामा, त्या पोऱ्याले आते चालता येस ना, मंग त्याले परत कसाले लई जास तो?”

पुढचं मी त्याला सांगितलं नाही, तुम्हाला सांगतो. डोनेड आपल्या भावाला अडवायला माणसं पाठवतो. समोरासमोर येतात तेव्हा तो तेच विचारतो जे माझा भाचा विचारतो: तुला काय कळणार, तू तर चालतोस. आणि इथे मार्श पहिल्यांदा स्वतःबद्दल बोलतो. घरात सगळ्यांचं लक्ष कायम आजारी भावाकडे, आईचा वेळ भावाचा, आणि मोठ्याने समजूतदार असायचं. त्याने आपल्याला काय हवं ते कधी बोलूनच दाखवलेलं नसतं. आयव्हॅलिसनेही त्याची कुठलीच इच्छा पुरी केलेली नव्हती ती याचमुळे, असं मला वाटतं. इच्छा बोलायची सवयच त्या पोराला नव्हती. हा प्रसंग दोन छोट्या आकृत्या आणि खाली सरकणाऱ्या ओळी, एवढाच आहे. आवाज नाही, चेहऱ्याचा हावभाव जेमतेम. ज्या घरात एक जण बिछान्यावर असतो आणि दुसऱ्याला लवकर मोठं व्हावं लागतं, अशी घरं आपल्या गावात कमी नाहीत. त्यातलाच एखादा पुढे पुण्याला जातो, मग आणखी लांब, आणि घरी फोन केला की पहिला प्रश्न दुसऱ्याच्या तब्येतीचा विचारतो.

मार्श बरोबर की चूक, यावर माझं मत त्याच्या बाजूने आहे. ते जग खोटं होतं म्हणून नव्हे. मॉन्टब्लाँ खोटा नाही, टोळीतलं कुणीच खोटं नाही, आणि मार्शलाही ते माहीत असतं. त्यांना सोडून जाताना त्याला त्रास होतो. मी त्याच्या बाजूने आहे ते तो भावाला एकट्याला मागे ठेवून निघून जात नाही म्हणून. त्याला एकट्याला जायची परवानगी असती, तर गोष्ट केव्हाच संपली असती.

भाच्याला हे पटेल असं वाटत नाही. त्याने सध्या मुख्य कामं बाजूला ठेवलीत आणि पबमधली एकामागून एक चिठ्ठी संपवतोय, स्फटिकांकडे फिरकतही नाही. खेळात तशी सोय आहे, घाई कुणी करत नाही. ताई म्हणते, जेवायलाही उठत नाही तुझ्या त्या खेळापायी. मी तिला म्हटलं, राहू दे, त्याला त्या डोनेडला आणखी थोडे दिवस चालवायचंय.