हार्डटेलची फ्रेम निवडताना काय बघायचं: तीन दिवसांच्या ट्रेल राईडचा वृत्तांत

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सायकल धुताना हेड ट्यूबच्या (हँडलखालची, फोर्क धरणारी नळी) खाली, जिथे डाऊनट्यूब (तिथून पेडलांकडे उतरणारी नळी) वेल्ड केलेली असते तिथे, एक केसासारखी बारीक रेघ दिसली. आधी वाटलं चिखलाचा ओघळ असेल, ओल्या फडक्याने पुसलं, गेली नाही. मग सुकं सुती फडकं फिरवलं तर त्याचे धागे त्या रेघेत अडकले. टॉर्च बाजूने मारून बघितलं, पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे ढकलली तर ती रेघ जराशी उघडमीट करत होती. दोनेक सेंटिमीटरची असेल. पोटात गोळाच आला, कारण चार तासांपूर्वी याच फ्रेमवर मी अख्खा दगडांचा उतार उतरून आलो होतो.

तर ही ट्रिप अशी झाली. आम्ही चौघं मित्र, तीन दिवस, रोज साधारण 25 ते 30 किमी सिंगलट्रॅक (एका सायकलपुरती पायवाट) आणि मातीचा रस्ता. तिघांकडे हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन, आणि एकाकडे फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढे मागे दोन्हीकडे. मला नवीन फ्रेम घ्यायचीच होती पण सहा महिने नुसते जिओमेट्रीचे (फ्रेमच्या कोनांचे आणि मापांचे) तक्ते बघत बसलो होतो आणि काही ठरत नव्हतं, म्हणून निघतानाच ठरवलं की सगळ्यांच्या सायकली आलटून पालटून चालवायच्या. माझी उंची 174 सेंमी, बीबीपासून (बॉटम ब्रॅकेट, जिथे पेडलच्या दांड्यांची धुरा बसते) सीटची उंची 72 सेंमी, हे आधीच सांगतो कारण पुढचे आकडे वाचताना तुम्हाला स्वतःशी ताडून बघता येतील.

माझी जुनी फ्रेम ॲल्युमिनियमची, मुळात क्रॉस कंट्रीसाठी बनवलेली, हेड अँगल (फोर्कचा जमिनीशी कोन, आकडा कमी तर फोर्क जास्त आडवा) 69.5 अंश आणि 100 मिमी दबणाऱ्या फोर्कसाठी (पुढचं चाक धरणारा, सस्पेन्शनवाला चिमटा). तिला मी 130 मिमीचा फोर्क लावलेला. हीच चूक. फोर्क साधारण 30 मिमी उंच झाला की पुढचं टोक वर उचललं जातं, हेड अँगल दीडेक अंशाने लोळतो आणि उतारावर सायकल एकदम शहाण्यासारखी वागायला लागते, त्यामुळे मला वाटत होतं फुकटात ट्रेल बाईक मिळाली. पण सीट ट्यूबही (सीटपोस्ट बसतो ती नळी) तेवढीच मागे झुकते. पहिल्या दिवसाच्या चढावर ते जाणवलं. उभा चढ आला की माझं वजन मागच्या चाकाच्याही मागे गेल्यासारखं, पुढचं चाक डावीउजवीकडे भरकटतंय आणि मी सीटच्या टोकावर सरकून कसंबसं वजन पुढे ठेवतोय. मागून येणारा मित्र म्हणाला, अरे तुझं पुढचं चाक उचललं जातंय बघ. स्टीलच्या हार्डटेलवाला मित्र त्याच चढावर आरामात बसून पेडल मारत गेला.

आणि मुख्य गोष्ट म्हणजे लांब फोर्क हा लांब पहार लावल्यासारखा असतो. प्रत्येक दणक्याला हेड ट्यूबच्या जोडावर जास्त ताण येतो. फ्रेमच्या माहितीत जास्तीत जास्त किती ट्रॅव्हल (फोर्क दबण्याचं अंतर) किंवा ॲक्सलपासून (चाकाची धुरा) क्राऊनपर्यंत (फोर्कचा वरचा जोड) किती लांबी चालेल ते दिलेलं असतं, ते वाचा आणि पाळा. मी वाचलं होतं, आणि थोडं इकडेतिकडे चालतं असं धरून चाललो होतो. ॲल्युमिनियमला स्टीलसारखी थकव्याची खालची मर्यादा नसते, म्हणजे छोटे छोटे ताण पण साठत जातात आणि एक दिवस चीर जाते. दुसऱ्या दिवशी उतारावर कट् कट् आवाज येत होता, मला वाटलं हेडसेट (हेड ट्यूबमधले बेअरिंग) ढिला झालाय, दोनदा घट्ट केला. हेडसेट घट्ट करूनही आवाज जात नसेल तर तिथेच थांबा, सायकल उलटी करून सगळे जोड बघा, हे मी आता सगळ्यांना हात जोडून सांगतो.

तिसऱ्या दिवशी स्टीलवाल्या मित्राचं मनगट दुखत होतं, तो म्हणाला माझी घेऊन जा. मग मी तोच दगडांचा उतार परत उतरलो, 24 तासांत दोन वेगळ्या फ्रेमवर. असा योग मुद्दाम जुळवूनही येत नाही.

त्या उतारावर मध्यावर दगडाच्या तीन पायऱ्या आहेत, प्रत्येक गुडघ्याएवढी, आणि तिसरी संपताच लगेच उजवीकडे वळण. माझ्या जुन्या सायकलवर पहिल्या पायरीला फोर्क दबला, दुसरीला अजून दबला, आणि तिसरीला माझी छाती हँडलबारच्या पुढे आली. फोर्कच्या नळीला मी झिप टाय बांधून ठेवला होता, तो खाली बघितला तर 90 मिमी ट्रॅव्हल वापरलेला. आता हे नीट समजून घ्या कारण हार्डटेलचं सगळं गणित इथे आहे. फुल सस्पेन्शनमध्ये पुढचं आणि मागचं दोन्ही दबतं म्हणून अँगल फारसे बदलत नाहीत. हार्डटेलमध्ये फक्त पुढचं दबतं. साधारण 20 मिमी फोर्क दबला की हेड अँगल 1 अंशाने उभा होतो. म्हणजे 90 मिमी दबल्यावर चारेक अंश गेले. कागदावर 69.5, लांब फोर्कमुळे झाले 68, आणि बरोब्बर ज्या क्षणी मला आडवा फोर्क हवा होता त्या क्षणी 72. एवढ्या उभ्या अँगलवर दगडाच्या पायरीवरून उतरणं म्हणजे पुढचं चाक अडकलं की तुम्ही वरून गेलातच.

स्टीलच्या सायकलचा हेड अँगल 65 होता, फोर्क तोच 130. त्याच तिसऱ्या पायरीला तिचाही फोर्क तेवढाच दबला असणार, पण 65 चे 69 झाले आणि पुढचं चाक माझ्या पुढेच राहिलं. मला मागे लटकावं लागलं नाही, गुडघे वाकवून मधे उभा राहिलो आणि वळण घेतलं. मागच्या वेळी त्या वळणाला मी पाय टेकला होता.

म्हणून माझं मत, ट्रेल हार्डटेल घेताना कागदावरचा हेड अँगल फुल सस्पेन्शनच्या कागदाशी ताडू नका. सायकलवर बसल्यावर काय होतं ते बघा. रात्री आम्ही तेच केलं, सपाट जागा बघितली, एकजण पूर्ण कपड्यांनिशी, बॅग पाठीवर, पेडलवर उभा राहिला, दुसऱ्याने सायकल धरली आणि तिसऱ्याने मोबाईलचं अँगल मोजायचं ॲप फोर्कच्या नळीला टेकवलं. 120 मिमी फोर्कला 20 टक्के सॅग (नुसत्या आपल्या वजनाने फोर्क दबतो तेवढा) धरला तर 24 मिमी, म्हणजे सव्वा अंशाच्या आसपास. त्याच वेळी रीच (बीबीपासून हेड ट्यूबच्या वरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर) साधारण 12 मिमीने वाढतो, स्टॅक (त्याच दोन जागांमधलं उभं अंतर) 9 ते 10 मिमीने कमी होतो आणि बीबी 8 मिमीच्या आसपास खाली येतं. हे कळल्यावर मला उलगडलं की फुल सस्पेन्शनवर मला 460 रीच बरा वाटतो पण हार्डटेलवर 460 का लांब वाटतो. सॅगमध्ये तो 472 झालेला असतो. तेव्हा हार्डटेलचा रीच तुमच्या ओळखीच्या फुल सस्पेन्शनपेक्षा 10 मिमी कमी चालेल, आणि स्टॅक मात्र कंजूषपणा न करता जरा उंच घ्या, नाहीतर उतारावर हँडलबार पायांशी गेल्यासारखा वाटतो.

पण याचा अर्थ जेवढा आडवा तेवढा चांगला असा नाही. तिसऱ्या मित्राची ॲल्युमिनियमची हार्डटेल 64 अंशांची, 140 फोर्क, रीच 480, तो उंच आहे. ती मी पहिल्या दिवशी दुपारी चालवली. उभ्या उतारावर रेल्वेसारखी सरळ जाते पण सपाट, सुट्या मातीच्या वळणांवर पुढचं चाक बाहेर घसरत होतं, मुद्दाम कोपर वाकवून वजन पुढे टाकावं लागत होतं, जरा आळस केला की गेलं. आमच्या तीन दिवसांतला खरा उभा उतार जेमतेम दीड तासाचा, बाकी सगळं वर खाली वळणं. तुमचा ट्रेल तसा असेल तर 65 ते 66 च्या आसपास, 120 ते 130 फोर्कसह, यात बहुतेकांचं भागेल. 140 च्या वर गेलात तर पुढचं आणि मागचं यातलं अंतर एवढं वाढतं की पुढचं टोक दगड गिळत जातं आणि मागचं टोक तुमच्या घोट्यांना त्याचा हिशोब देत राहतं.

आता सीट ट्यूबची लांबी, याकडे कोणी बघत नाही आणि मला ही हेड अँगलएवढीच महत्त्वाची वाटते. माझ्या जुन्या फ्रेमची सीट ट्यूब 480 मिमी. सीट 720 वर म्हणजे वर उरले 240. ड्रॉपरचं (कळ दाबून सीट खालीवर करता येणारा सीटपोस्ट) डोकं, कॉलर आणि सीटची स्वतःची जाडी यात 95 एक जातात, उरले 145 एक, म्हणजे 125 च्या वरच्या मापाचा ड्रॉपर बसतच नव्हता. स्टीलवाल्याची सीट ट्यूब 420, त्यात 170 आरामात. पायऱ्यांवर त्या 45 मिमीचा फरक फार मोठा असतो, सीट पोटाला लागत नाही, सायकल खाली हलवायला जागा मिळते. फ्रेम घेण्याआधी तुमच्या सीटच्या उंचीतून सीट ट्यूब वजा करा, आणि सीटपोस्ट आत किती जाऊ शकतो तेही विचारा, कारण नळीला वाक असेल किंवा बाटलीच्या बोल्टची टोकं आत आलेली असतील तर लांब ड्रॉपर मधेच अडतो. सीटपोस्टचा व्यास 30.9 की 31.6 की 34.9 तेही त्याच वेळी बघा.

मटेरियलवर आम्ही तिन्ही रात्री वाद घातला. स्टील मऊ चालतं, ॲल्युमिनियम दाणदाण करतं असं सगळे म्हणतात आणि थोडं तथ्य असेलही. पण तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही स्टीलच्या सायकलच्या मागच्या टायरमध्ये 30 पीएसआय भरून एक फेरी मारली आणि नंतर 24 वर आणून दुसरी, आणि त्या दोन फेऱ्यांमधला फरक स्टील आणि ॲल्युमिनियममधल्या फरकापेक्षा कितीतरी जास्त होता. मागचा त्रिकोण उभ्या दिशेने वाकून वाकून किती वाकणार, टायर त्याच्या कित्येक पट दबतो. म्हणून फ्रेमच्या मटेरियलआधी मागे किती रुंद टायर बसतो ते बघा. 29 इंची चाकाला 2.5 किंवा 2.6 इंच रुंद टायर बसून दोन्ही बाजूला 6 मिमी तरी मोकळं राहिलं पाहिजे, चिखलात तेवढं लागतंच. ट्यूबलेस करा, मागे पुढच्यापेक्षा 2 ते 3 पीएसआय जास्त ठेवा, आणि रिम ठोकली जात असेल तर आत फोमचा इन्सर्ट टाका. क्रोमोली स्टीलची फ्रेम अडीच किलोच्या आसपास किंवा थोडी वर, ॲल्युमिनियमची त्याहून अर्धा किलो हलकी धरा. मला तो अर्धा किलो चढावर जाणवला नाही. चेनस्टे (बीबीपासून मागच्या धुरेपर्यंतची नळी) 425 ते 440 मिमीमधली चालेल, त्यावर झोप घालवू नका.

जोडणीचे भाग मात्र नीट बघा, इथे लोक फसतात. मागचं ॲक्सल 148 बाय 12, म्हणजे बूस्ट, असेल तर चाकं सहज मिळतात. बीबी आट्यांचं, 73 मिमीचं असेल तर घरी बदलता येतं. हँगर (मागचे गिअर बदलणारा डिरेलर ज्याला टांगतात तो तुकडा) यूडीएच, म्हणजे युनिव्हर्सल डिरेलर हँगर, असेल तर फारच छान, 2019 पासून हा हँगर वेगवेगळ्या कंपन्यांच्या फ्रेमवर येतो आणि तोच एक तुकडा सगळीकडे चालतो. आमच्यातल्या ॲल्युमिनियमवाल्या मित्राचा हँगर पहिल्याच दिवशी दगडाला लागून मोडला, त्याचा आकार त्याच फ्रेमपुरता, जादा तुकडा कोणाकडे नव्हता, शेवटी चेन तोडून लहान केली आणि तो 11 किमी एकाच गिअरवर आला. तुमच्या फ्रेमचा जादा हँगर बॅगेत ठेवाच, वजन काहीच नसतं.

आल्यावर मी फ्रेम मागवली, ॲल्युमिनियमचीच, हेड अँगल 65.5, रीच 450, सीट ट्यूब 420, फोर्क 130 आणि कागदावर 140 पर्यंत परवानगी, म्हणजे मी मर्यादेच्या आत आहे. हाती आल्यावर भाग लावण्याआधी दोरा लावून बघितला, तुम्हीही बघा. मागच्या एका ड्रॉपआऊटला (मागचं ॲक्सल बसतं ती जागा) दोरा बांधायचा, हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआऊटला ताणून बांधायचा, आणि सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्यापर्यंतचं अंतर पट्टीने मोजायचं. माझं दोन्हीकडे सारखं आलं. दोन तीन मिमीचा फरक आला तर तशीच परत पाठवा, एकदा भाग लावले की कोणी ऐकून घेत नाही. बीबीच्या आट्यांत रंग शिरलेला होता तो आधी साफ करून घेतला आणि ग्रीस लावून बीबी बसवलं.

जुनी फ्रेम कोणीतरी मागितली होती, वेल्ड करून वापरू म्हणाला. दिली नाही. ॲल्युमिनियम वेल्ड केल्यावर परत हीट ट्रीटमेंट लागते, ती कोण करणार, आणि कोणाचं तरी पोर त्यावर डोंगर उतरणार. करवतीने चिरेपाशीच डाऊनट्यूब कापली. आतून बोट फिरवलं तर चीर भिंतीच्या आरपार गेलेली होती, आणि बाहेरून दिसत होती त्यापेक्षा पुढेपर्यंत हाताला लागत होती. नवीन सायकल धुतली की आता हेड ट्यूबच्या खाली सुकं सुती फडकं फिरवतो, दर वेळी.