आप्पांची सही आणि आमचे मुखत्यारपत्र

माझे वडील, आप्पा, जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात चौतीस वर्षे नोकरीला होते. त्यांची सही मराठीत, एकटाकी आणि खाली दोन टिंबे असलेली, आणि ती वर्षानुवर्षे तसूभरही बदलली नव्हती. 2021 मध्ये त्यांच्या विसरण्याची पहिली चिन्हे दिसली, तेव्हा त्यांनी स्वतःच पुढाकार घेऊन माझ्या नावे नोंदणीकृत सर्वसाधारण मुखत्यारपत्र, म्हणजे त्यांच्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार देणारा कागद, करून दिले. पुण्यातली सदनिका, मुदतठेवी आणि निवृत्तिवेतनाचे खाते सगळे त्यांच्या एकट्याच्या नावावर होते, आणि आता हा कागद हाती आहे म्हणजे पुढची काळजी मिटली, असे आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

दोन वर्षांनी निदान पक्के झाले: अल्झायमर. रात्री ते दाराची कडी काढून बाहेर जाऊ लागले, म्हणून ब्युरोकडून दिवसाचा आणि रात्रीचा असे दोन मदतनीस ठेवावे लागले. त्या खर्चासाठी एक ठेव मुदतीआधी मोडायला मी बँकेत गेले आणि कारण विचारल्यावर आजाराचे नाव सरळ सांगितले. अधिकारी सौम्यपणे म्हणाले, "ताई, मग हे मुखत्यारपत्र आता चालणार नाही." मला तेव्हा तो अडवणुकीचा प्रकार वाटला, पण त्यांचे म्हणणे बरोबर होते. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 201 प्रमाणे अधिकार देणारी व्यक्ती अस्थिरचित्त झाली की तिने दिलेली मुखत्यारी संपते. म्हणजे ज्या दिवसासाठी आम्ही तो कागद जपून ठेवला होता, नेमक्या त्याच दिवशी तो निरुपयोगी झाला. माझा भाऊ मेलबर्नला असतो. त्याला हे खरेच वाटेना, कारण तिकडे माणसाची समज गेल्यानंतरही चालू राहणारे वेगळे मुखत्यारपत्र करता येते. आपल्याकडे तशी सोय नाही, आणि ती असायला हवी असे माझे ठाम मत आहे.

फॉर्मवर आप्पांची सही घेऊन पाहा, असेही एका नातेवाइकाने सुचवले. मी कोऱ्या कागदावर त्यांना सही करायला सांगितली. त्यांनी आडनावापर्यंत व्यवस्थित लिहिले आणि मग शेवटचे अक्षर ते पुन्हा पुन्हा काढत राहिले, कागदाची कड येईपर्यंत. तो कागद मी घडी करून ठेवून दिला आणि सहीचा विषय तिथेच थांबवला. काय लिहिले आहे ते ज्याला कळत नाही त्याची सही घेणे मला फसवणूकच वाटते, मग पैसे त्याच्याच औषधपाण्याला लागणार असले तरीही.

वकिलांनी सांगितले की पालक नेमण्याचा 1890 चा कायदा अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, मुलांसाठी आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या किंवा कोमात गेलेल्या प्रौढासाठी स्वतंत्र कायदा नसल्यामुळे राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो, आणि मुंबई उच्च न्यायालयाने अशा नेमणुका केलेल्या आहेत. आम्ही तोच मार्ग धरला. वैद्यकीय कागद, मिळकतीची आणि ठेवींची यादी, दरमहा होणाऱ्या खर्चाचा तपशील आणि आई व भाऊ यांची संमतीची प्रतिज्ञापत्रे जोडली. भावाचे प्रतिज्ञापत्र तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासातून साक्षांकित होऊन येण्यातच बराच काळ गेला. न्यायालयाने सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या मंडळाकडून तपासणी करवली. तिथे आप्पांना शंभरातून सात वजा करत जायला सांगितले, तेव्हा त्यांनी त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी असे न अडखळता सांगितले. पुढचा प्रश्न होता, तुम्ही कोणाच्या घरी राहता? त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "या बाईंना विचारा."

अर्ज केल्यापासून आदेश हातात येईपर्यंत सात महिने लागले. तोवरचा सगळा खर्च भावाने आणि मी आमच्या बचतीतून भागवला. आता मी त्यांची पालक आहे. दर सहा महिन्यांनी हिशेब सादर करायचा आणि न्यायालयाच्या परवानगीशिवाय सदनिका विकायची किंवा गहाण टाकायची नाही, या अटी आहेत. अटी जाचक वाटत नाहीत. आप्पांनी स्वतः याहून सैल अटी घातल्या नसत्या.

त्या सात महिन्यांत आईच्या कागदांचे काम मात्र मी हातावेगळे केले. तिच्या ठेवींवर माझे नाव जोडून खाती दोघींपैकी कोणीही चालवावीत अशी केली. नॉमिनी म्हणजे मालक, ही तिची समजूत होती. नॉमिनी हा वारसांसाठी रक्कम स्वीकारणारा असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या बाबतीत 1983 मध्येच सांगितले होते, म्हणून मृत्युपत्र वेगळे हवेच. तिने ते स्वतःच्या हाताने लिहिले. दोन साक्षीदार घेतले, दोघेही तिच्याहून वयाने लहान आणि मृत्युपत्रातून काहीही न मिळणारे. तिची समज शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला त्याच तारखेचा घेतला. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही आणि नोंदणीही सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकांकडे ती करून घेतली.

वाईच्या माहेरच्या घरातला आपला हिस्सा आताच मुलांना बक्षीसपत्राने देऊन टाक, महाराष्ट्रात मुलांच्या नावे राहते घर देताना मुद्रांक शुल्क दोनशे रुपयेच आहे, असा सल्ला तिला अनेकांनी दिला. मी नको म्हटले. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे कलम 23 आहे, त्याखाली सांभाळ न केल्यास असे हस्तांतरण रद्द होऊ शकते, हे खरे. पण आईला पोटच्या मुलांविरुद्ध न्यायाधिकरणात जावे लागेल अशी शक्यताही उरू नये, असे मला वाटते. तिचे ते तिच्याच नावावर राहावे.

शेवटच्या आजारात कृत्रिम श्वासावर ठेवू नये, याबद्दलचे इच्छापत्रही तिने केले. सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालाप्रमाणे त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागत असे. जानेवारी 2023 पासून दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित केले तरी चालते. मसुद्यात "उपचार थांबवावेत" असे होते. आईने तो दोनदा वाचला आणि त्याखाली आपल्या अक्षरात एक ओळ वाढवली: "वेदना मात्र कमी कराव्यात." त्या इच्छापत्राची एक प्रत आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे दिली आहे.

वाईच्या घराच्या मिळकत पत्रिकेवर अजून आजोबांचेच नाव आहे. वारस नोंदीसाठी पुढच्या सोमवारी आईला घेऊन मी नगर भूमापन कार्यालयात जाणार आहे. अर्जावर ती स्वतः सही करणार आहे.