आमची वाटचाल: १६ पिक्सेलपासून ५१२ पर्यंत

आमची फर्म छोटी आणि काम एकच: वेबसाइटचे आयकॉन. सुरुवातीला फॅव्हिकॉनसाठी, म्हणजे ब्राउझरच्या टॅबवरच्या चिन्हासाठी, १६ बाय १६ पिक्सेलची एक फाईल आणि बटणांसाठी २४ ची पीएनजी (ठरावीक पिक्सेलांची चित्र-फाईल) दिली की काम संपायचं. २०१० मध्ये आयफोन ४ आला. इंचाला १६३ पिक्सेलच्या जागी ३२६ झाले आणि तीच पीएनजी ताणली जाऊन पुसट दिसू लागली. मग एकेका आयकॉनच्या एकपट, दुप्पट, तिप्पट अशा प्रती आल्या. अँड्रॉइडच्या आयकॉनला तर पाच लागायच्या: ४८, ७२, ९६, १४४, १९२. एक रेघ हलवली की सगळा संच पुन्हा एक्सपोर्ट.

एसव्हीजीने ही हमाली संपवली; या फाईलमध्ये पिक्सेल नसून रेघा आणि आकारांचं वर्णन असतं, त्यामुळे एकच फाईल कुठल्याही मापाला ताणता येते. पण एसव्हीजी म्हणजे कुठल्याही मापात रेखीव, हा समज मात्र खरा नाही. तीन रेघांचा मेन्यू आयकॉन घ्या. २४ बाय २४ पिक्सेलच्या चौकटीत २ पिक्सेलच्या रेघा, मध्ये ५ ची फट, वर-खाली ४ मोकळे. हाच आयकॉन १६ ला आणला की रेघ १.३३ पिक्सेलची होते. वरची रेघ एक पिक्सेल पूर्ण भरते आणि दुसऱ्यावर फिकट सांडते. खालचीही तसंच करते, फक्त उलट्या बाजूला. मधली रेघ दोन पिक्सेलांत अर्धी-अर्धी विभागते, त्यामुळे एकही पिक्सेल पूर्ण भरत नाही आणि ती करडी दिसते. म्हणून १६ साठी आम्ही चित्र वेगळंच काढतो: २ ची रेघ, ३ ची फट, वर-खाली २. कडा नेमक्या पिक्सेलच्या सीमेवर बसतात.

१ पिक्सेलच्या आडव्या रेघेचा मध्य ७ वर ठेवला तर ती दोन ओळींत पसरते, तो ७.५ वर हवा. दुप्पट घनतेच्या स्क्रीनवर ही चूक दिसतच नाही, आणि डिझाइनरचा लॅपटॉप बहुधा तसाच असतो. त्यामुळे साधा, एकपट मॉनिटर आमच्या टेबलावरून कधीच हलत नाही. विंडोजमध्ये सगळं १२५ टक्के मोठं दाखवणाऱ्या स्केलिंगवर २ ची रेघ २.५ होते. याला पूर्ण इलाज नाही. तिथे बारीक रेघांपेक्षा भरीव आकार जास्त टिकतात.

आज फॅव्हिकॉनच्या आयसीओत (अनेक मापं एकत्र ठेवणाऱ्या आयकॉन-फाईलमध्ये) १६, ३२, ४८ ही तिन्ही मापं असतात. आयफोनच्या होम स्क्रीनसाठी १८० ची पीएनजी, पार्श्वभूमी भरलेली. पारदर्शक ठेवली तर मागे काळं दिसतं. मॅनिफेस्टसाठी, म्हणजे वेबसाइट फोनवर ॲपसारखी बसवताना वाचल्या जाणाऱ्या माहिती-फाईलसाठी, १९२ आणि ५१२. मास्केबल आयकॉनमध्ये, म्हणजे फोन आपल्या आकारात कापून दाखवतो त्या आयकॉनमध्ये, महत्त्वाचा भाग मधल्या ८० टक्के व्यासाच्या वर्तुळात, म्हणजे ५१२ मध्ये सुमारे ४०९ पिक्सेलच्या आत, राहायला हवा. तीच फाईल साध्या आयकॉनलाही लावली की भोवतीच्या रिकाम्या जागेमुळे चिन्ह बारकं दिसतं, म्हणून दोन्ही फाईली वेगळ्या.

पानात थेट लिहिलेल्या एसव्हीजीवर रुंदी आणि उंची आम्ही न चुकता घालतो. ती नसली आणि सीएसएस (पानाची मांडणी ठरवणारी फाईल) उशिरा आलं, तर २४ चा आयकॉन क्षणभर पानाच्या रुंदीभर पसरतो.